नंदूमामांचा पौष

आमच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट वर्षातले बरेच महिने बंद असतो. दिवाळी होऊन हवेत गारवा आला की त्याच्या खिडक्या उघडतात, गॅलरीत जाडजूड विलायती टॉवेल वाळत पडतात आणि जिन्यात अनोळखी चपलांचा ढीग साचायला लागतो. म्हणजे नंदूमामा आले. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीला त्याचं कोण कौतुक! वॉचमन कडक सलाम ठोकतो, सोसायटीचे चेअरमन पार्किंगमधली स्वतःची जागा त्यांच्या भाड्याच्या गाडीला देतात. मला मात्र मळमळतं. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. जिन्यात ते समोरून आले आणि त्यांच्या अंगाचा तो गोडसर अत्तराचा वास नाकात गेला की मी पदर नाकाला लावून पटकन पुढे होते.

माणूस दिसायला वाईट नाही. पांढरेशुभ्र केस, गोरा रंग, मऊ आवाज. इतक्या वर्षांत त्यांना कुणावर ओरडताना मी ऐकलेलं नाही. लहान मुलांच्या गालाला हात लावतील, म्हाताऱ्यांच्या पाया पडतील, कुणी काही खायला दिलं तर आधी दोन मिनिटं त्या पदार्थाचं कौतुक करतील आणि मगच घास घेतील. इंग्लंडमध्ये समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात त्यांची म्हाताऱ्या माणसांसाठी दोन निवासगृहं आहेत. तिकडे त्याला केअर होम म्हणतात. तिथल्या म्हाताऱ्यांना उठवायला, न्हाऊ घालायला, त्यांची ओली अंथरुणं बदलायला माणसं लागतात आणि गोरी माणसं त्या कामाला सहसा मिळत नाहीत. नंदूमामा ती माणसं आमच्या नाशिक जिल्ह्यातून नेतात. माणसं म्हणजे मुली. नर्सिंग शिकलेल्या, खेड्यातून आलेल्या, लवकर मान खाली घालणाऱ्या.

या धंद्याचे नियम मला थोडेफार माहीत आहेत, कारण मी एका नर्सिंग कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आता घरीच परदेशी जाणाऱ्या मुलींना त्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी शिकवते. बाहेरच्या देशातून माणसं बोलवायची तर मालकाकडे तिथल्या सरकारचा परवाना लागतो. असा परवानेवाला मालक म्हणजे स्पॉन्सर. त्याने तुमच्या नावाचं प्रमाणपत्र काढलं तर व्हिसाचा अर्ज भरता येतो, नाहीतर बोटभर पुढे सरकता येत नाही. तिथे पोहोचल्यावरही व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला. त्याने कामावरून काढलं की थोडी मुदत मिळते, तेवढ्यात दुसरा परवानेवाला मालक शोधायचा, नाहीतर बॅग भरून परत यायचं. अशी पाच वर्षं धडपणे काढली की मग तिथे कायम राहायचा हक्क मागता येतो. म्हणजे पाच वर्षं त्या बाईचं सगळं जगणं एका माणसाच्या मर्जीवर. आणि तो माणूस नंदूमामा.

त्यांना 'सर' म्हटलेलं चालत नाही. कुणी म्हटलं की कानावर हात ठेवतात. "सर तिकडच्यांना म्हणा. मी कंपनी नाही, मी मामा आहे." आणि मग ठरलेलं वाक्य, "नियम गोऱ्यांचे, माया आपली." हे वाक्य मी जिन्यात ऐकलंय, जॉगिंग ट्रॅकवर ऐकलंय, गणपतीच्या देवळासमोर ऐकलंय. सकाळी ते ट्रॅकवर चालायला जातात तेव्हा मागे चार-पाच मुलींचे बाप असतात. एकाच्या हातात मामांची पाण्याची बाटली, एकाच्या हातात मफलर. मामा चालता चालता नियम समजावतात, बाप माना डोलावतात. कुणालाच त्यातलं काही कळत नाही आणि कळावं अशी मामांचीही इच्छा नसते.

मी त्यांना नंदकुमार म्हणते. त्यांना ते आवडत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणते.

एका रविवारी सोसायटीच्या गच्चीवर मिसळीचा बेत होता. मामा पाहुणे. रश्शाचा भुरका मारत त्यांनी एक गोष्ट सांगितली. तिथे त्यांच्याकडे वैशाली नावाची मुलगी होती, आपल्या सिन्नरकडची. तिने सुट्टी मागितली, मग पगाराच्या पावतीवर लिहिलेले तास आणि केलेले तास जुळत नाहीत असं म्हणाली. मामा हसून म्हणाले, "मी काही रागावलो नाही हो. जवळ बसवलं, चहा दिला. म्हटलं, बाळ, तुझं माझं जमत नसेल तर मनात ठेवू नकोस. माझ्या कम्प्युटरवर एक बटण असतं. मी ते दाबलं की सरकारला कळतं, ही पोरगी आता आमच्याकडे नाही. दाबू का? लगेच पाया पडली माझ्या. आता काय सुरेख काम करते!" गच्चीवर सगळे हसले. चेअरमन म्हणाले, "मामा, तुम्ही आहात म्हणून, नाहीतर आजकाल इतकं समजावून कोण सांगतं!" मला पुढची मिसळ गेली नाही. शेजारच्या बाईंना वाटलं तिखट लागलं, त्यांनी दही आणून दिलं.

सविता त्याच थंडीत माझ्याकडे शिकायला यायची. वणीजवळच्या खेड्यातली मुलगी, नर्सिंग झालेली, नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात कामाला. नवरा कैलास अंबडच्या कारखान्यात मशीनवर. सिडकोत दोन खोल्यांत राहायचे. चार वर्षांची मुलगी होती, आर्या. सविता क्लासला येताना कधी कधी तिला घेऊन यायची आणि आर्या माझ्या सोफ्याखाली शिरून बसायची. तिकडे जायचं ते तिघांनी, हे सविताचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. "मॅडम, एकटी गेले तर मी आजारी पडेन. आर्याला टाकून मला घास नाय जाणार." तिकडचा नियम तेव्हा तसा होता. असं काम करायला जाणाऱ्या बाईला नवरा आणि मूल बरोबर नेता यायचं.

नंदूमामा मुलीची निवड कशी करतात हे मी सविताच्या घरी पाहिलं. ते ऑफिसात मुलाखत घेत नाहीत. घरी जातात. अगदी मुलगी बघायला जातात तसे. सविताने मला बोलावून घेतलं होतं, इंग्रजीतून काही विचारलं तर आधार म्हणून. खोली झाडूनपुसून लख्ख केलेली, दिवाणावर नवी चादर. सविताची आई गावाहून मुद्दाम आलेली, ठेवणीतलं पातळ नेसून दाराशी उभी. मामा आले, आईच्या पाया पडले, तिथेच निम्मं काम झालं. मग कांदेपोहे आले. पोहे सविताने आणून द्यायचे, इतकंही मामांनी कैलासला आधी फोनवर सांगून ठेवलं होतं. लग्न झालेली, लेकुरवाळी बाई, हॉस्पिटलात अख्खा वॉर्ड सांभाळणारी, आणि ती डोक्यावर पदर घेऊन ट्रे धरून उभी. नवरा शेजारी कौतुकाने बघतोय. मला कुठे बघावं कळेना.

"बाळ, झोप कशी आहे तुझी?" मामांनी विचारलं.

"चांगली आहे मामा."

"गाढ, की सावध?"

"सावध. ड्युटीमुळं सवय लागली."

"छान. संताप येतो का पटकन?"

"नाय... नाही येत."

"हात बघू." तिने हात पुढे केले. मामांनी दोन्ही तळवे उलटसुलट केले, अंगठ्याने दाबून पाहिले, मनगट चाचपलं. बाजारात बैल घेताना माणसं करतात तसं. "कष्टाचा हात आहे," ते आईकडे बघून म्हणाले, आणि आईला जणू कुणी बक्षीस दिलं.

सविता हुशार मुलगी. तिने विचारलं, "मामा, कागदावर आठवड्याचे तास किती असतील?" कैलासने तिला डोळ्यांनी दटावलं. मामा मात्र हसले. म्हणाले, "अगं, मामाला कुणी तास विचारतं का? आईला कधी विचारलंस, तू दिवसाचे किती तास माझी आई आहेस?" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सविताचा प्रश्न पोह्यांच्या बशीबरोबर उचलला गेला. इंग्रजीचा एक शब्द कुणी विचारला नाही. निघताना मामांनी आर्याला उचलून घेतलं. "आणि ही आमची छोटी मेमसाहेब. हिला तिकडच्या शाळेत घालू." मग दारात थांबून, आवाज जरा चढवून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "पसंत आहे."

मामाशी करार होत नाही, मामाकडे पावती मागता येत नाही, मामावर तक्रार तर नाहीच नाही. नात्याचा इतका पक्का फास मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो घालताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरंच माया असायची. ढोंगी माणसाची मला इतकी किळस येत नाही. यांना स्वतःलाही ते खरं वाटतं, ते मला सहन होत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिकडून बातमी आली. केअर होममध्ये कामाला येणाऱ्यांना यापुढे कुटुंब आणता येणार नाही. नियम मार्चपासून. त्याआधी ज्याचा अर्ज दाखल होईल त्याला जुनी सवलत, नंतर आला तर बाई एकटी. सविता वर्तमानपत्र घेऊनच क्लासला आली. तिची इंग्रजीची परीक्षा झाली होती, पोलिसांचा दाखला झाला होता, टीबीची तपासणी झाली होती. मामांच्या सांगण्यावरून हॉस्पिटलचा राजीनामाही देऊन टाकला होता. फक्त मामांनी प्रमाणपत्र काढायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "आजच्या आज वर जा."

ती गेली आणि थोड्या वेळाने हसत खाली आली. "मामा म्हणले, काळजी करू नको. फक्त हा पौष जाऊ दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पौषात शुभ काम करत नाय ना मॅडम. संसाराचं काम हाय, परदेशी नवं घर मांडायचं. मामा म्हणले, माघ लागला की पहिल्या चांगल्या दिवशी प्रमाणपत्र काढतो. मार्चला अजून टाइम हाय."

मी मामांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "नंदकुमार, तिकडच्या सरकारला पौष ठाऊक नाही. एका मुलीचा प्रश्न आहे. आज काढा." त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. "मॅडम, तुमचं इंग्रजी उत्तम, पण पंचांग तुम्ही बघत नाही वाटतं. सातासमुद्रापार राहूनही मी आपलं सोडलं नाही, आणि तुम्ही इथे बसून सोडायला सांगता!" मागे उभे असलेले दोन बाप माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच काहीतरी अमंगळ बोलले. सविताच्या आईने तर फोनवर लेकीला बजावलं, मॅडमचं ऐकू नको, पौषात लग्नाची बोलणीसुद्धा करत नाय. आणि कैलास, जो कारखान्यात पौष-माघ न बघता रोज मशीन चालवतो, तोही म्हणाला की घाई नको.

माघ लागला. मग मामा म्हणाले, तिकडच्या सरकारकडून नवी प्रमाणपत्रं यायचीत, पहिली संपली. मग म्हणाले, माझ्या तिथल्या माणसाची तब्येत बिघडलीये, बटण त्याच्या हातात. सविता रोज वर जायची, मामा तिला रोज चहा पाजायचे. एकदाही तिला दारातून परत पाठवलं नाही. असं करत करत मार्चातली ती तारीख निघून गेली, आणि लगेच, त्याच आठवड्यात, सविताचं प्रमाणपत्र आलं.

होळीच्या आसपास गौरी माझ्याकडे पेढे घेऊन आली. ही सविताबरोबरच क्लासला होती. बिनलग्नाची, निफाडकडची, नंदूमामांनीच निवडलेली. तिचं तिकीट निघालं होतं. मी म्हटलं, "तुझं बरं झटपट झालं." ती लाजून म्हणाली, "झटपट कुठं मॅडम, माझा अर्ज तर संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी भरला. मामा म्हणले होते कुणाला सांगू नको, दृष्ट लागती. म्हणून बोलले नाय."

संक्रांत म्हणजे भर पौष. पेढा माझ्या हातातच राहिला. गौरी निघून गेल्यावर मी तशीच चपला न घालता वर गेले.

मामांनी बैठकीत वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि ते पायाची नखं कापत होते. मी आले म्हणून थांबले नाहीत. "या मॅडम, बसा." मी बसले नाही. विचारलं, "गौरीला पौष नव्हता का?"

कट्. एक नख माझ्या पायाजवळ उडून पडलं.

"गौरीच्या मागे कोण आहे? तिला पौष कशाला लागतो?" ते म्हणाले. आवाजात खंत नाही, चोरी पकडल्याची भीती नाही, काही नाही. "तुम्ही शिकवणाऱ्या बाई, तुम्हाला समजेल म्हणून सांगतो. नवरा-मूल बरोबर आलं की बाई रात्रपाळीला नाही म्हणते. मुलाला ताप आला, नवऱ्याला काम मिळालं, शाळेची मीटिंग आहे. एकटी बाई सांगाल त्या पाळीला उभी राहते. तिला दुसरं करायचंच काय असतं? आणि मॅडम, म्हातारी माणसं रात्रीच मरतात. मला रात्रीची माणसं लागतात." दुसरा पाय वर घेतला. "सविता गुणी मुलगी आहे. झोप सावध आहे तिची."

मी म्हटलं, तुम्ही तिच्या लेकराला तिच्यापासून तोडलंत. मी म्हटलं, तुमच्यावर तिकडच्या सरकारकडे तक्रार करीन. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. नखं गोळा करून वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि म्हणाले, "करा की. माझा परवाना जाईल. माझं काय, मी तिथला पासपोर्टवाला माणूस, धंदा विकीन आणि इथे येऊन निवांत राहीन. पण परवाना गेला की माझ्या नावावर आलेल्या सगळ्या भाच्यांचे व्हिसे जातात. वैशाली, आता पोहोचेल ती गौरी, सगळ्या. त्यांना काय सांगाल? तुम्हीच बोलवा त्यांना परत आणि ठेवा तुमच्या क्लासमध्ये." मग उठून आत हात धुवायला गेले, आणि तिथूनच विचारलं, "चहा घेणार ना?"

त्या बैठकीत उभं राहून मला जी किळस आली ती आजतागायत गेलेली नाही. त्यांची आली, त्यांच्या नखांची आली आणि ज्या नियमाने अशा माणसाच्या हातात बटण दिलं त्याचीही आली. परवाना जातो मालकाचा आणि हाकलतात बायकांना. ज्या कुणी साहेबाने टेबलावर बसून हे लिहिलं त्याला आमचे नंदूमामा ठाऊक नसतील, पण त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखं लिहिलंय.

मी त्याच संध्याकाळी सिडकोत जाऊन सगळं सांगितलं. सविता भाकऱ्या थापत होती. हात थांबला नाही, फक्त पिठातली भाकरी फार वेळ थापली गेली आणि कडेने फाटली. तिची आई माझ्यावरच उखडली. "मॅडम, देवमाणसाबद्दल असं बोलू नगा. पौष पाळला म्हनून एवढ्यावर निभावलं. नायतर काय इपरीत झालं असतं, कुणाला ठाव?" कैलास भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघत होता. शेवटी सविता बोलली.

"नाय म्हणलं तर आता काय हाय मॅडम? हॉस्पिटल सोडलं. दुसरा कुणी मालक बघितला तरी आता एकटीलाच घेणार, नियम सगळ्यांना तोच. मग मामाच काय वाईट?" तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "पाच वर्षं. ती नऊची होईल तव्हर." मग तिने पदराने तोंड झाकलं.

ती गेली. मामाही उन्हाळा तापायला लागल्यावर गेले. जाण्याआधी सोसायटीने त्यांना शाल आणि नारळ दिला. ग्रामीण भागातल्या मुलींना जगाची दारं उघडून दिल्याबद्दल, असं चेअरमन म्हणाले. मी गेले नाही. माझ्या खिडकीतून टाळ्या ऐकू येत होत्या.

पुढच्या थंडीत वरच्या खिडक्या पुन्हा उघडल्या. त्याच सुमारास सविताचा फोन आला. आर्या आता आजीजवळ गावी राहत होती, कैलासला पाळ्या सांभाळून तिच्याकडे बघणं होत नव्हतं. "मॅडम, मामा घरी जाणार हायेत, माझं सामान द्यायला. तुम्ही पण जा ना त्यांच्यासोबत. आर्या फोनवर येतच नाय माझ्याशी. कशी दिसती, किती वाढली, बघून मला सांगा. आई सगळं चांगलंच सांगती." तिच्या मागे कुठेतरी सारखी घंटी वाजत होती. "जाते मॅडम, अंथरूण ओलं केलं वाटतं कुणी," म्हणून तिने ठेवला.

सवितासाठी मी त्या माणसाच्या गाडीत बसले. दिंडोरीच्या रस्त्याने दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मामा पुढच्या सीटवर बसून बागांचं कौतुक करत होते. मी काच खाली करून बाहेर तोंड काढून बसले होते.

भर दुपारी पोहोचलो. ऊन चटकत होतं. आर्या अंगणात उभी होती. अंगात जाड लोकरी स्वेटर, वरपर्यंत बटणं लावलेली, डोक्याला कानटोपी, पायात मोजे आणि बूट. केस घामाने कपाळाला चिकटले होते. आजी ओशाळी होऊन म्हणाली, "सकाळधरनं काढीना झालीय. म्हनं, तिकडं लय थंडी हाय, आई म्हनली व्हती."

मामा विरघळले. "किती गोड! थांब, थांब, आईला फोटो पाठवू." त्यांनी तिला उभं करून तीन-चार फोटो काढले. चॉकलेटचा डबा दिला. तिने तो उघडला नाही, काखेत धरला. मोठी माणसं अंगणात खुर्च्या मांडून चहा घेत होती तेवढ्यात ती गेली आणि गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसली. डबा मांडीवर ठेवून, समोर बघत.

आजी तिला उतरवायला धावली. आर्याने दाराची कडी धरली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती, नुसती धरून बसली होती. आजीने तिचं एकेक बोट सोडवलं. एक सुटायचं तोवर दुसरं परत धरायची.

मामा शेजारी येऊन उभे राहिले. हसत होते. वाकून त्यांनी तिच्या गालाला हात लावला. "एवढी घाई काय गं? आधी बारावी करायची, मग नर्सिंग करायचं. मग मामा नेतो ना तुला!" आणि आजीला म्हणाले, "पोरगी चिवट आहे. हिला नर्सिंगलाच घाला. मी आहेच."

आजीने तिथेच, नातीला कडेवर घेऊन, दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला. "तुमच्या तोंडात साखर पडो मामा. तुमचंच उपकार."

मी म्हटलं, मी एसटीने येते. मामांनी आग्रह केला नाही. "जशी तुमची मर्जी, मॅडम." गाडी वळली. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि आर्याकडे बघून हलला, रस्त्याच्या वळणापर्यंत हलत राहिला. तो हात मला अजून दिसतो. मऊ, गोरा, नखं नीट कापलेली.

धूळ बसली तेव्हा आर्या आजीच्या कडेवरून उतरून माझ्याजवळ आली. माझा पदर ओढला.

"बारावी उद्या असती का?"

मी खाली बसून तिच्या स्वेटरची बटणं सोडायला लागले. ती सोडू देईना.